मोठ्या लाटेसमोर सर्फर घाबरत नाहीत का?

प्रश्न विचारणारे पुण्यातले, वय २७, आयटीत नोकरी. दोन वर्षं सुट्ट्या जोडून कर्नाटकात मुल्कीला जातात आणि सर्फिंग शिकतात. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "पोर्तुगालमधल्या नझारेचे व्हिडिओ रोज रात्री बघतो. ८० फुटांच्या लाटेवरून आलेला माणूस हात वर करून ओरडतो, कुणी हसत सुटतो, कुणी ढसाढसा रडतो. आणि माझ्यासमोर मेअखेरीस नुसती छातीएवढी लाट आली, तर हातपाय गार पडले. बोर्ड सोडून दिला, गटांगळ्या खाल्ल्या, मिनिटभर तरी पाण्याखाली होतो आणि नंतर अर्धा तास वाळूत बसून थरथरत होतो. त्या लोकांना भीती वाटतच नाही का? की हा खेळ माझ्यासाठी नाहीच?"

मी पुण्यात २२ वर्षं पोहायला शिकवते. सर्फिंगला उशिरा लागले, चाळिशीत. आता माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण तुमच्यासारखे असतात. पोहता उत्तम येतं, दर रविवारी सिंहगड चढून उतरतात, दम भरपूर आहे, पण समुद्राने एकदा खाली दाबलं की सगळं विसरतात. ८० फुटांची लाट मी कधी घेतलेली नाही, घेणारही नाही. त्या लोकांबद्दल सांगते आहे ते सगळं जाहीर आहे. लाटेखाली कोंडणारा दम आणि तिथे उडणारी गाळण, हे मात्र माझं रोजचं काम आहे.

त्यांना भीती वाटते. हे एका शब्दात संपतं. तुम्हाला खरं विचारायचंय ते असं, की भीती दोघांनाही वाटत असेल तर त्यांचे हातपाय चालतात आणि माझेच का थिजतात?

व्हिडिओ इथे फसवतो. आपल्याला दिसतं ते लाट संपल्यानंतरचं. ऑगस्ट २००० मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर, तेआहुपोला, लेअर्ड हॅमिल्टन या सर्फरने एक लाट घेतली, तिचं नाव आजही सर्फर आदराने काढतात. तिथली लाट उंचीपेक्षा जाडीने मारते. खाली उथळ प्रवाळ, आणि वरून अख्खा समुद्र वाकून पडल्यासारखं पाणी. लाट त्याला वर ओढून घेत होती, तेव्हा त्याने मागचा हात उलट्या बाजूच्या पाण्यात खुपसून घासत नेला आणि तोल सावरला. बाहेर पडल्यावर तो रडला. अंगात साठलेलं अ‍ॅड्रेनलिन कुठेतरी बाहेर पडतंच. कुणाचं ओरडण्यातून, कुणाचं रडण्यातून, कुणाचं दातखीळ बसल्यासारख्या शांततेतून. तुम्ही वाळूत बसून अर्धा तास थरथरलात, तेही हेच. त्या थरथरीवरून स्वतःला भेकड ठरवू नका. मी तलावावर पहिल्यांदा खोल पाण्यात उडी मारलेल्या मुलांना असंच थरथरताना बघते, आणि तीच मुलं दहा मिनिटांनी पुन्हा रांगेत उभी असतात.

फरक त्याच्या आधी पडतो. तो कॅमेऱ्यात येत नाही.

नझारेचंच घ्या. त्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे, दोनशे किलोमीटरहून लांब आणि काही ठिकाणी पाच किलोमीटरपर्यंत खोल. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळांतून निघालेल्या लाटा या घळीवरून येताना वेग टिकवून ठेवतात. बाजूच्या उथळ तळावरून येणाऱ्या त्याच लाटा मंदावतात आणि वळतात. किनाऱ्याजवळ दोन्ही एकमेकींवर चढतात आणि मग ते डोंगर उभे राहतात. गॅरेट मॅकनमाराने २०११ साली तिथे ७८ फुटांची लाट घेतली, रॉड्रिगो कोशाने २०१७ साली ८० फुटांची, सेबॅस्टियन श्टॉयट्नरने ऑक्टोबर २०२० मध्ये ८६ फुटांची. आता चौकटीच्या बाहेर बघा. सर्फरला लाटेवर ओढून आणणारा जेट-स्कीवाला असतो. सर्फर पडला तर उचलायला दुसरी स्की असते. वर किल्ल्यावर, दीपगृहापाशी, एक जण रेडिओ घेऊन उभा असतो आणि मागून कोणती लाट येतेय ते सांगत असतो, कारण खाली पाण्यात असलेल्याला पुढच्या डोंगराशिवाय काही दिसत नाही. सर्फरच्या अंगात गॅसच्या नळकांडीने फुगणारं जॅकेट असतं. तो एकटा दिसतो, पण एकटा नसतो. तुम्ही मे महिन्यात पडलात तेव्हा तुमच्यावर कुणाची नजर होती? तुमच्या लिहिण्यात तरी तसं कुणी दिसत नाही.

आणि एवढं सगळं असूनही घात होतो. ब्राझीलच्या माया गाबेराला २०१३ साली नझारेलाच लाटेने खाली दाबलं. पायाचं हाड मोडलं, शुद्ध हरपली, तिचा सर्फिंगमधला जोडीदार कार्लोस बुर्लेने तिला किनाऱ्यावर आणलं आणि तिथे छाती दाबून तिला परत आणावं लागलं. पुढे पाठीच्या शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ साली तिने त्याच किनाऱ्यावर ६८ फुटांची लाट घेतली, २०२० साली ७३.५ फुटांची. मधली चार-पाच वर्षं कुठल्याही छोट्या व्हिडिओत मावत नाहीत, पण माझ्या लेखी तिची खरी प्रतिक्रिया त्या वर्षांत आहे. ग्रेग लाँग या सर्फरचंही तसंच. डिसेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, कॉर्टेझ बँक नावाच्या पाण्याखालच्या उंचवट्यावर तो पडला आणि जॅकेट फुगलंच नाही. एकामागून एक लाटा डोक्यावरून गेल्या, तो बेशुद्ध सापडला आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला न्यावं लागलं. श्वास रोखण्याचा अनेक वर्षांचा सराव त्याच्यापाशी होता. तो नसता तर शोधणाऱ्यांना मिळाली तेवढी मिनिटं मिळाली नसती, असं मला वाटतं.

लाट किती मोठी यावरच सगळं ठरतं असंही नाही. हवाईचा सर्फर मार्क फू डिसेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सला ज्या लाटेत बुडून मेला, ती लाट त्याने आयुष्यात घेतलेल्या लाटांत सगळ्यात मोठी मुळीच नव्हती. म्हणून "नुसती छातीएवढी" हे शब्द मला खटकले. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. तुम्ही आधी गुडघा-कमरेएवढ्या लाटांत शिकलात. छातीएवढी लाट तुमच्या शरीराला दीडपटीची वाटलीच नाही, कितीतरी मोठी वाटली, आणि ते बरोबरच होतं. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोहून जड असतं. तेवढं अंगावर कोसळणार हे शरीराने ओळखलं आणि इशारा दिला.

शिवाय दिवस कोणता होता ते बघा. मेची अखेर! पश्चिम किनाऱ्यावर समुद्र तेव्हाच फिरायला लागतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, कोळी होड्या ओढून वर घेतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय अनेक जण पाण्यात जात नाहीत. हर्णैला एका म्हाताऱ्या तांडेलाच्या शेजारी मी एकदा सकाळी बसले होते. होडी तयार, पोरं तयार, आणि हे आजोबा अर्धा तास नुसते पाण्याकडे बघत बसलेले. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "मोजतोय. मोठ्या किती येतात आन् मधी किती वेळ मिळतो." लाटा घोळक्याने येतात, मग जरा उसंत मिळते, मग पुन्हा घोळका. साठ वर्षं समुद्रात काढलेला माणूस रोज नव्याने मोजतो. हवाईत एडी ऐकाऊ या जीवरक्षक सर्फरच्या नावाची स्पर्धा आहे. वायमिआच्या खाडीत लाटांचं तोंड साधारण ४० फूट उभं राहिल्याशिवाय ती भरवतच नाहीत. १९८४ पासून २०२३ पर्यंत ती फक्त दहा वेळा झाली. २०२३ साली ती ल्यूक शेपर्डसनने जिंकली. तो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून ड्यूटीवर होता. मधल्या सुटीत लाटा घेतल्या आणि परत कामावर गेला. मला त्या माणसाचा फार आदर वाटतो. त्या पाण्याकडे तो रोज कामावर असताना बघत आला होता.

आता तुमच्या त्या मिनिटभराबद्दल.

केरळात वर्कलाला एका सप्टेंबरात मी पडले, ते सांगते. लाट फुटताना बोर्डचं नाक पाण्यात घुसलं, मी पुढे फेकले गेले आणि खांदा वाळूवर आपटला. डोळे उघडले तर चहासारखं तांबूस पाणी, वर कुठे आणि खाली कुठे कळेना. घोट्याला बांधलेली दोरी बोर्डमुळे खेचली जात होती. छातीत धडधड, आणि एकच विचार, आत्ता वर. मी हातपाय मारले, जोरात. त्याने काय झालं? काहीच नाही. लाट सोडत नाही तोवर माणसाच्या ताकदीला तिथे किंमत नसते, फक्त हवा संपते. वर आले ती फेसात. फेसात निम्मी हवा असते, तो धड तरंगूही देत नाही आणि श्वासही घेऊ देत नाही. घोट घेतला तो फेसाचाच, आणि दुसरी लाट डोक्यावर.

त्या दुसऱ्या लाटेखाली मी, का कोण जाणे, बेचा पाढा म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार. डोकं दोन्ही हातांत धरलं, गुडघे पोटाशी घेतले आणि पाढा म्हटला. बे साते चौदाला तोंड पाण्याबाहेर आलं. संथपणे म्हटलेला बेचा अख्खा पाढा साधारण १२ ते १५ सेकंदांचा. म्हणजे मी आठ-दहा सेकंद खाली होते, आणि मला ती दोन मिनिटं वाटली होती. घाबरलेलं मन त्या क्षणांचा बारीकसारीक तपशील साठवून ठेवतं, म्हणून नंतर वेळ लांबलेला वाटतो. तुमचं मिनिटभरही बहुधा बे पंचे दहा ते बे नवे अठराच्या मधलंच होतं. उथळ पुळणीवर, तेवढ्या लाटेत, त्याहून जास्त वेळ क्वचितच दाबलं जातं. नझारेला दोन लाटांमध्ये १५-२० सेकंदांचं अंतर असतं. दोन लाटा सलग डोक्यावरून गेल्या तर अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त. शेन डोरियन हा सर्फर २०१० साली मॅव्हरिक्सला असाच दोन लाटांखाली अडकला, आणि त्यातूनच त्याला फुगणाऱ्या जॅकेटची कल्पना सुचली.

तर सराव कशाचा करायचा? श्वास न घेता आठ-दहा सेकंद घाबरत, गोल फिरत, धाप लागलेली असताना काढण्याचा. कोचावर बसून दीड मिनिट श्वास रोखता येतो म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांना मी २५ मीटर जीव तोडून पोहायला लावते, कडेला दोन श्वास घेऊ देते आणि मग पाण्याखाली दोन कोलांट्या मारून बेचा पाढा म्हणायला सांगते. पहिल्या दिवशी बहुतेकांचा बे चोक आठला धीर सुटतो. मी पाण्यात त्यांच्या समोर असते, माझा हात त्यांच्या दंडावर असतो, त्यामुळे मला ते नेमकं कळतं. आधी खांदे कानांपर्यंत चढतात, मग पोटात उचकी लागल्यासारखं आत ओढलं जातं. मुलं समजतात की ऑक्सिजन संपला. तो संपलेला नसतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याची ती घंटा असते, आणि घंटा वाजल्यावरही शरीराकडे बराच साठा असतो. ती उचकी येऊनही खांदे खाली सोडता येतात, हे एकदा अंगाला कळलं की चेहराच बदलतो. तीन-चार आठवड्यांत बहुतेक जण बे दाहे वीस ओलांडतात. ताकद वाढलेली नसते. घंटेची ओळख झालेली असते.

हे लिहून मोकळी होणार नाही, कारण यात माणसं मरतात. श्वास रोखण्याचा पाण्यातला सराव एकट्याने कधीही करायचा नाही, घरच्या टाकीतही नाही. शेजारी फक्त तुमच्याकडे बघणारा माणूस हवा, मोबाइल बघणारा नको. दुसरं, खास आपल्या गावासाठी. पुण्यात घरटी एक जण प्राणायाम करतो, आणि कपालभाती किंवा भस्त्रिका करून लगेच बुडी मारणारे मी स्वतः थांबवले आहेत. भराभर श्वास सोडून कार्बन डायऑक्साइड आधीच कमी केला, की ती घंटा वाजतच नाही. ऑक्सिजन मात्र त्याच्या वेळेला संपतो. माणसाला काही कळायच्या आत पाण्याखाली शुद्ध जाते, तडफड नाही, आवाज नाही. बुडीआधी दोन-तीन सावकाश श्वास पुरेत. प्राणायाम घरी, सतरंजीवर.

माझं उत्तर कुठे लागू पडणार नाही तेही सांगते. दमा असेल, हृदयाचं काही असेल, फिट येत असेल, तर वरचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. लहानपणी बुडता बुडता वाचला असाल तर गोष्ट वेगळी. आमच्या आधीच्या पिढीला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून शिकवलं. त्यातले बरेच शिकले, पण काहींच्या अंगात ती विहीर अजून आहे. पन्नाशीची एक बाई माझ्याकडे दोन महिने फक्त पायरीवर बसून पाय बुडवत होती. तशा भीतीला कोलांट्यांचा उपयोग नाही. आधी समुपदेशक, मग मी. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण तुम्हालाच ठाऊक. तळ खडकाचा असेल तर पडण्याची पद्धतही बदलते, म्हणून सध्या वाळूचाच किनारा धरा.

आणि "हा खेळ माझ्यासाठी नाहीच का" याबद्दल. तुम्ही लाट बघून बोर्ड सोडलात, त्याची तुम्हाला लाज वाटते. मला त्यात एकच चूक दिसते. बोर्ड सोडला की तो मागच्या माणसाच्या तोंडावर जातो, म्हणून धरून ठेवायचा किंवा बाजूला पडायचं. लाट नको वाटली यात चूक नाही. नझारेला स्कीच्या दोरीला धरलेला सर्फर कितीतरी लाटा सोडून देतो, मानेने नाही म्हणतो आणि स्की वळते. ते कुणी कापून व्हिडिओत घालत नाही.

हे मी जरा तळमळीने लिहितेय, कारण मी या शहरातली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याची १४ मुलं बुडाली. त्या आठवड्यात माझ्या तलावावर पालकांची रांग लागली होती आणि एका आईने मला विचारलं होतं, "बाई, पोहता आलं की बुडत नाहीत ना?" मला हो म्हणता आलं नाही. आम्ही घाटावरची माणसं ताम्हिणी उतरून चार-पाच तासांत दिवेआगरला पोचतो, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्यात शिरतो. घाई सगळी तिथेच होते. म्हणून ज्याला छातीएवढ्या लाटेसमोर धडकी भरली, अशा माणसाला शिकवायला मला आवडतं. त्याला समुद्र दिसलेला असतो.

आता तुमच्यापुरतं. पावसाळा संपेपर्यंत तलावात सराव करा, आठवड्यातून दोनदा, जोडीदार ठरवून. रात्री झोपताना नझारे बघणं काही दिवस बंद करा, किंवा बघायचंच असेल तर लाटेवरचा माणूस सोडून कडेच्या स्कीकडे बघा, ती कधी वळते, कधी आत शिरते, किती वेळ थांबते. डिसेंबर-जानेवारीत मुल्कीला जा, तेव्हा तिथे पाणी बऱ्यापैकी शांत असतं. पहिल्या सकाळी पाण्यात शिरू नका. अर्धा तास पुळणीवर बसा आणि मोजा. मग प्रशिक्षकाला सांगून, त्याच्या नजरेसमोर, कमरेएवढ्या लाटेत पाच वेळा मुद्दाम पडा. डोकं हातांत, गुडघे पोटाशी, आणि पाढा सुरू.

परत आलात की कळवा, कुठवर पोचला ते.